चालतो, बोलतो, तरी वर्गात मागे: डोक्याला मार लागलेल्या एका मुलाची पाच वर्षं

बाबू माझ्याकडे आला तेव्हा सहावीत होता, अकरा वर्षांचा. घरात त्याला बाबू म्हणतात. नागपुरात गल्लोगल्ली बाबू असतात, म्हणून तेच नाव इथे ठेवते. ओळख पटेल असे बाकीचे तपशील आईवडिलांच्या संमतीने बदलले आहेत. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजारातून किंवा अपघातातून उठलेल्या माणसाला रोजची कामं पुन्हा जमावीत यासाठी काम करते. लहान मुलाच्या बाबतीत रोजची कामं म्हणजे आंघोळ, दप्तर, शाळा, खेळ आणि मित्र.

बालरोगतज्ज्ञांच्या चिठ्ठीवर कारण लिहिलं होतं: 'चिडचिड, अभ्यासात लक्ष नाही, वर्गात झोपतो.' अगदी खाली, शेवटच्या ओळीत, 'वयाच्या आठव्या वर्षी डोक्याला मार' असं होतं. पुढची सगळी हकिकत त्या शेवटच्या ओळीची आहे.

आई खुर्चीवर टेकायच्या आधीच बोलायला लागली. "मॅडम, हात-पाय सगळं धड आहे याचं. बोलते तं पोपटासारखा. मग अभ्यासच काहून नाही जमून राहिला?" हा प्रश्न मी अनेक घरांकडून ऐकला आहे. मुलांच्या मेंदूला झालेल्या इजेतून येणारं अपंगत्व दवाखान्यातून सुट्टी मिळते त्या दिवशी पूर्ण दिसत नाही. ज्या क्षमतेची मुलाला अजून गरजच पडलेली नाही, तिचं नुकसान ती गरज पडल्यावर कळतं. बाबूला ते कळायला तीन वर्षं लागली.

पडला तेव्हा

संक्रांतीच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ. पूर्व नागपुरातल्या एका ले-आउटमधलं, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वस्तीतलं, घर. वरचा मजला पुढे बांधायचा म्हणून कॉलमच्या सळया तशाच बाहेर ठेवलेल्या, स्लॅबला कठडा नाही. काका पतंग उडवत होता आणि बाबूच्या हातात चक्री होती. ढील देता देता तो मागे सरकत गेला आणि खाली सिमेंटच्या रस्त्यावर पडला. नायलॉन मांजावर 2017 पासून बंदी आहे आणि दर जानेवारीत त्यावर भरपूर बोललं जातं, ते योग्यच आहे. पण उघड्या स्लॅबवर मुलं सोडण्याबद्दल त्या मानाने फारच कमी बोललं जातं. दोन फूट विटा रचल्या असत्या तर हा लेख लिहावा लागला नसता.

शेजाऱ्याने त्याला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये धरून दवाखान्यात नेलं. घाबरलेला माणूस असंच करतो, त्याला दोष नाही. तरी सांगायला हवं की उंचावरून पडलेल्या मुलाची मान हलवू नये आणि 108 ला फोन करावा.

पोचला तेव्हा ग्लासगो मापनावर त्याचे गुण 7 होते. 1974 मध्ये टीसडेल आणि जेनेट यांनी तयार केलेलं हे मापन डोळे उघडणं, बोलणं आणि हालचाल या तीन गोष्टी पाहून 3 ते 15 गुण देतं. 8 किंवा त्याहून कमी म्हणजे गंभीर इजा. सीटीमध्ये कपाळामागच्या उजव्या भागात, म्हणजे फ्रंटल भागात, रक्तस्राव होता आणि कवटीला बारीक तडा होता. ऑपरेशन लागलं नाही. आठ दिवस तो व्हेंटिलेटरवर होता. नंतरच्या एमआरआयमध्ये मेंदूच्या आतल्या पांढऱ्या द्रव्यात आणि दोन्ही अर्धगोलांना जोडणाऱ्या पट्ट्यात रक्ताचे बारीक ठिपके दिसले. डोकं जोरात आपटलं की मेंदू कवटीत नुसता आदळत नाही, तो पिळला जातो, आणि चेतापेशींचे लांब धागे ताणले जातात, काही तुटतात. सीटीत हे बहुतेक वेळा दिसतच नाही. म्हणून 'सीटी ठीक आहे' हे वाक्य ऐकून कोणी निश्चिंत होऊ नये.

व्हेंटिलेटर निघाल्यावर तो डोळे उघडून बोलायला लागला, पण सकाळी भेटलेला माणूस त्याला दुपारी आठवत नसे. हा गोंधळाचा काळ किती दिवस चालला, यावरून पुढच्या परिणामाचा अंदाज सुरुवातीच्या गुणांपेक्षा अनेकदा जास्त चांगला येतो. डिस्चार्ज कार्डावर तो काळ लिहिलेला नव्हता. असे कार्ड मी बरेच पाहते, आणि ही नोंद क्वचितच सापडते. मग मी मुलाला आणि आईला वेगवेगळं विचारते की अपघातानंतरचं सलग कधीपासून आठवतं. बाबूला महाशिवरात्रीला आजीने भरवलेलं रताळं आठवत होतं. अपघातापासून तिथपर्यंतचं काहीच नाही. म्हणजे महिन्याहून जास्त काळ. आठवड्यापलीकडे गेलेला हा काळसुद्धा गंभीर मानतात.

शरीर मात्र भराभर सुधारलं. डावी बाजू कमजोर होती. फिजिओथेरपीने मार्चअखेर तो चालायला लागला आणि उन्हाळा संपेपर्यंत अंगणात पळत होता. एप्रिलमध्ये एकदा फिट आली. पहिल्या आठवड्यानंतर येणारी फिट उशिराची मानतात आणि ती पुन्हा येण्याचा धोका जास्त असतो, म्हणून लेव्हेटिरासेटाम हे फिटचं औषध सुरू झालं. विदर्भात शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे त्याला दोन आठवडे जास्त मिळाले. मग तो चौथीत जाऊन बसला. सगळ्यांनी म्हटलं, देवानं वाचवलं, आता काही राहिलं नाही. कार्डावरही 'स्थिती समाधानकारक, चालता-बोलता' असंच होतं.

चौथी-पाचवी निभावली, सहावी का नाही

चौथीला एकच बाई होत्या. त्यांना अपघाताचं माहीत होतं. त्या त्याला जवळ बसवत, राहिलेलं स्वतः वहीत उतरवून देत, वेळ लागला तर थांबत. नकळत त्या त्याच्या मेंदूचं अर्धं काम करत होत्या. पाचवीत दुसरे सर आले, तेही सांभाळून घेणारे. महाराष्ट्रात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा सुरू झाली आहे, त्या परीक्षेत तो काठावर पास झाला.

सहावीत प्रत्येक विषयाला वेगळे शिक्षक, वेगळी वही, वेगळा गृहपाठ. फळ्यावरचं लिहून घ्यायचं, त्याच वेळी बोललेलं ऐकायचं, कुठली वही कुठल्या दिवशी ते लक्षात ठेवायचं. यातलं काहीच अभ्यासक्रमात लिहिलेलं नसतं, पण सहावीतल्या मुलाला हे येतं असं सगळे गृहीत धरतात. कामं ठरवणं, सुरू करणं, मध्ये भरकटलं तर परत येणं, जिभेवर आलेलं गिळणं, ही फ्रंटल भागाची कामं. हा भाग माणसाच्या मेंदूत सगळ्यात उशिरा, विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत जातो. आठ वर्षांच्या बाबूमध्ये तो अर्धवट होता, आणि अर्धवट असतानाच त्याला इजा झाली. आठव्या वर्षी कोणाच्याच लक्षात आलं नाही, कारण आठ वर्षांच्या मुलाकडून हे कोणी मागत नाही.

मूल लहान असलं की मेंदू सगळं भरून काढतो, असं आजही बरेच लोक, काही डॉक्टरसुद्धा, आईवडिलांना सांगतात. याचं मूळ 1930 च्या दशकातल्या मार्गारेट केनार्ड यांच्या माकडांवरच्या प्रयोगांत आहे. लहान माकडांच्या मेंदूच्या एका ठरावीक भागाला इजा झाली तर मोठ्या माकडांपेक्षा त्यांची हालचाल चांगली सावरत होती. मेंदूभर पसरलेल्या इजेला हा निष्कर्ष लावता येत नाही. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला विकी अँडरसन यांच्या गटाने अशा मुलांचा दहा दहा वर्षं पाठपुरावा केला. गंभीर इजा झालेली लहान मुलं मोठ्या मुलांपेक्षा पुढे असतात, हे तिथे दिसलं नाही. उलट शिकायचं बाकी असताना शिकण्याचं यंत्रच दुखावलं तर तूट वयाबरोबर उठून दिसत जाते. आईवडिलांना खोटा धीर देऊ नये, असं मला मनापासून वाटतं. बाबूच्या आईने 'लहान आहे, सावरेल' यावर विश्वास ठेवून तीन वर्षं वाट पाहिली, आणि त्या तीन वर्षांत शाळेला एकही कागद दिला नाही.

तपासणी

मी आधी घरची सकाळ पाहिली. आईने एका दमात सांगितलं, "ब्रश कर, आंघोळ कर, डब्बा घे अन् दप्तर भर." बाबू ब्रश घेऊन अंगणात गेला आणि कोंबडीकडे पाहत उभा राहिला. आई ओरडली, तो आत आला, आंघोळीला गेला, आणि बादली भरून वाहत असताना नुसता बसून राहिला. हट्ट नव्हता, चुकारपणा नव्हता. पहिलं काम संपल्यावर दुसरं आपोआप सुरू होत नव्हतं, एवढंच. हे मी वडिलांना तिथेच दाखवलं. ते कळमना मार्केटमध्ये कामाला आहेत, पहाटे निघतात, त्यांनी ही सकाळ कधी पाहिलीच नव्हती. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मी तं मारलं बी त्याले दोन-चारदा. वाटे, मुद्दाम करून राहिला."

वर्गात, शिक्षकांच्या परवानगीने मागच्या बाकावर बसून, दुसरं चित्र दिसलं. बाकीची मुलं फळ्यावरचं उतरवून मोकळी झाली तेव्हा बाबूचं निम्मं झालं होतं, आणि फळा पुसला गेला. दुपारच्या तासांना त्याची मान टेबलावर जात होती. शिक्षक त्याला आळस समजत होते. इजा झालेल्या मेंदूला तेच काम करायला जास्त श्रम पडतात, आणि हा थकवा झोप झाली तरी जात नाही. नागपूरच्या मार्च-एप्रिलच्या उन्हात तो दुप्पट होतो.

मानसशास्त्रज्ञांनी मालिनची बुद्धिमापन चाचणी केली. सरासरी 100 धरतात; शाब्दिक भागाचे गुण 96 आले, कृतीच्या भागाचे 78. त्यातही चिन्हं भराभर जुळवायचा भाग आणि वाटा शोधायचा भाग सगळ्यात खाली. शब्दसंग्रह वयाप्रमाणे होता, म्हणूनच तो 'पोपटासारखा' बोलत होता आणि म्हणूनच कोणाला शंका आली नाही. सामाजिक परिपक्वतेसाठी व्हाइनलँड मोजपट्टी घेतली. भारतभर तिची जी आवृत्ती वापरतात तिला 'नागपूर रूपांतर' म्हणतात, ती याच शहरात काम करणाऱ्या मालिन यांनी केलेली. खाणं, कपडे, फिरणं यांत बाबू ठीक होता. स्वतःचा निर्णय, पैसे, इतरांशी वागणं यांत तो आठ-नऊ वर्षांच्या मुलाइतका होता. म्हणजे अपघात झाला त्याच वयाच्या आसपास.

एक गोष्ट जवळपास निसटली होती. आजी सहज सांबारवडीबद्दल, म्हणजे आमच्याकडच्या कोथिंबिरीच्या वडीबद्दल, म्हणाली, "आधी सांबारवडी म्हटली की उड्या मारे. आता म्हणते, चवच नाही." डोळे बांधून लसूण, कॉफी, साबण त्याच्या नाकाशी धरले. काहीच ओळखता आलं नाही. कपाळाच्या भागाला मार बसला की वास नेणारे बारीक तंतू तुटू शकतात, आणि मूल ते सांगत नाही, कारण त्याला नेमकं काय गेलं हेच कळत नाही. आता या घरात नियम आहे की बाबू घरी एकटा असेल तेव्हा गॅसचं रेग्युलेटर बंद. उतू गेलेलं दूध आणि गळणारा गॅस, दोन्ही त्याला सारखेच.

डोक्याला मार लागलेल्या मुलाचा परिणाम मोजायला किंग्ज मापन नावाची पाच गटांची साधी पद्धत आहे. बाबूला नुसतं दारातून चालत येताना पाहिलं तर कोणीही 'चांगली सुधारणा' या गटात टाकेल. घर आणि शाळा पाहिल्यावर तो 'मध्यम अपंगत्व' या गटात बसतो. एका गटाचा फरक, पण त्या फरकावर मदत मिळते की नाही ते ठरतं.

काय केलं, कशाने फरक पडला

सगळ्यात आधी त्याला न्यूरॉलॉजिस्टकडे परत पाठवलं, चिडचिडीसाठी. लेव्हेटिरासेटामने काही मुलांमध्ये चिडचिड आणि राग वाढतो. हा ज्ञात दुष्परिणाम आहे. आईने हे ऐकताच गोळ्या बंद करायची तयारी केली. मी निक्षून सांगितलं की स्वतःहून एक गोळीही चुकवायची नाही, अचानक बंद केलं तर फिट येऊ शकते. डॉक्टरांनी तपासून हळूहळू औषध बदललं. महिन्या-दीड महिन्यात भांडी फेकणं थांबलं. सगळा राग गेला नाही. उरलेला राग इजेचा होता, थकव्याचा होता, आणि थोडा त्याच्या वाट्याला आलेल्या माराचाही होता.

मग थकवा. शाळेशी बोलून मधल्या सुट्टीनंतरची पंधरा मिनिटं त्याला स्टाफरूमशेजारच्या खोलीत डोळे मिटून बसायची मुभा मिळवली. शिकवणी बंद करायला लावली. त्यासाठी मला आईशी बरेच दिवस वाद घालावा लागला, कारण मागे पडलेल्या मुलाला आणखी शिकवणी लावायची हेच तिला ठाऊक होतं. संध्याकाळची शिकवणी गेली आणि सकाळचा वर्ग सुधारला.

या कुटुंबाने आधी 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'च्या क्लासला पैसे भरले होते, डोळ्यांवर पट्टी बांधून रंग ओळखायला शिकवतात तिथे. याला शास्त्रीय आधार अजिबात नाही आणि अपघातग्रस्त मुलाच्या आईवडिलांकडून असे पैसे घेणं मला संतापजनक वाटतं. मोबाइलवरचे स्मरणशक्तीचे खेळसुद्धा मी लावत नाही. त्या खेळात मूल हुशार होतं, पण दप्तर भरायला त्याचा उपयोग होत नाही. जे काम जमत नाही, तेच काम, त्याच जागी, त्याच वेळी करून घ्यावं लागतं.

म्हणून घरी मोरीच्या दारावर चार चित्रं चिकटवली आणि आईने चार कामं एका दमात सांगणं सोडलं. प्रत्येक कामाला चार पायऱ्या: काय करायचं, कसं करायचं, कर, झालं का बघ. सुरुवातीला आई विचारत असे, मग नुसतं चित्राकडे बोट, मग तेही नाही. किराण्याच्या दुकानात तीन वस्तू आणायला आधी लिहून, नंतर बोटांवर मोजून, पैसे परत घेऊन. डाव्या हाताच्या मंदपणासाठी मी सुतळी, बटणं, खोडरबर सगळं वापरून पाहिलं. त्याला कशातच रस नव्हता. एक दिवस त्याने विचारलं, "पतंगाची कन्नी बांधू का?" घरात पतंग हा शब्द बंद होता. आई रडली, काका उठून बाहेर गेला. मी कुटुंबाला वेळ दिला आणि मग सुती दोरा, दोन पतंग मागवले. कन्नी, म्हणजे पतंगाला मांजा जोडायची दोरी, बांधायला दोन्ही हात लागतात, माप लागतं, क्रम चुकला तर पतंग एका बाजूला झुकतो आणि चूक लगेच दिसते. यापेक्षा चांगला व्यायाम मी त्याला देऊ शकले नसते. नियम एकच, आणि तो त्याने स्वतः वहीत लिहिला: मैदानावर, स्लॅबवर कधीच नाही. शिकवायला काका बसला. तीन वर्षं तो या मुलाच्या डोळ्यांत पाहत नव्हता.

घराबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण अशा मुलांचं पुढचं वागणं कसं राहील यात इजेच्या गंभीरतेइतकाच घराचा वाटा असतो, असं पाठपुराव्याचे अभ्यास पुन्हा पुन्हा दाखवतात. इथे आईला रात्र रात्र झोप नव्हती, वडील 'तू लक्ष नाही दिलं' म्हणत, काका स्वतःला दोष देत होता, आणि धाकटी बहीण, जी आता पाढे दादापेक्षा भराभर म्हणत होती, ती दादाला चिडवत होती. आईला मी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. जायला तयार नव्हती, "मी काय येडी आहे का?" म्हणाली. आजी सोबत गेली तेव्हा गेली. बहिणीला एक दिवस माझ्याकडे बोलावून, तिच्या भाषेत, दादाच्या डोक्यात काय झालं ते चित्र काढून सांगितलं. तिने विचारलं, "म्हणजे तो मुद्दाम नाही करत?" तिचं चिडवणं सगळं थांबलं नाही, पण कमी झालं. भावंडांना कोणी काही सांगत नाही, ही मला या सगळ्या प्रवासातली मोठी उणीव वाटते.

मित्रांच्या बाबतीत यश कमी आलं. जिभेवर येईल ते बोलणं, खेळात हरलो की हात उचलणं, यामुळे जुने मित्र तुटले होते. त्याच्याशी बोलायला तयार होते ते मोठे पोट्टे, आणि त्यांनी त्याच्याकडून दोनदा शाळेची फी काढून घेतली. त्याने आनंदाने दिली होती, मित्र म्हणाले म्हणून. आता पैसे त्याच्या हाती जात नाहीत. जवळच्या कॅरम मंडळात एक काका आहेत, त्यांना सगळं माहीत आहे, तिथे तो जातो. त्याच्या वयाचा एकच मित्र आहे. एक असणं आणि एकही नसणं यात फार अंतर आहे, म्हणून तो मित्र टिकावा यासाठी त्याच्या आईशीही मी बोलले.

कागद

शाळा सुरुवातीला म्हणाली, प्रमाणपत्र आणा, मग सवलत देऊ. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मध्ये 21 प्रकार आहेत. मेंदूची आघातजन्य इजा त्यांत वेगळी दिलेली नाही. अमेरिकेच्या शिक्षण कायद्यात ती 1990 पासून स्वतंत्र प्रकार आहे. आपल्याकडे अशा मुलाला कुठल्या ना कुठल्या दुसऱ्या रकान्यात बसवावं लागतं. बाबूच्या डाव्या बाजूची कमजोरी धरली तर दिव्यांगत्वाची टक्केवारी 40 च्या खाली राहिली. बुद्ध्यांक बौद्धिक दिव्यांगतेच्या मर्यादेच्या बराच वर. म्हणजे लिहायला दुप्पट वेळ लागणारा, दुपारी कोलमडणारा मुलगा कागदावर कोणीच नव्हता.

पण हाच कायदा नीट वाचला पाहिजे. 40 टक्क्यांची अट नोकरीतल्या आरक्षणासारख्या लाभांना आहे. शाळेत अभ्यासक्रम आणि परीक्षेत बदल, जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट याबद्दलचं कलम 17 'दिव्यांग विद्यार्थी' असं म्हणतं, टक्केवारी सांगत नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये, लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराच्या प्रकरणात, लेखनिकाची सोय 40 टक्केवाल्यांपुरती मर्यादित ठेवता येणार नाही असं स्पष्ट केलं. त्यानंतर ऑगस्ट 2022 मध्ये केंद्राने 40 टक्क्यांखालच्या, पण लिहिण्यात अडचण असलेल्या परीक्षार्थींसाठी वेगळी मार्गदर्शक सूचना काढली. तासाला 20 मिनिटं जादा, हा प्रघात त्यात आहे. हे सगळं एका पानावर लिहून, चाचण्यांचे निकाल आणि न्यूरॉलॉजिस्टचं पत्र जोडून मी मुख्याध्यापकांना भेटले. सांगायला आनंद वाटतो की त्यांनी ते पान वाचलं, वर्गशिक्षकांना बोलावलं आणि त्याच आठवड्यात फळ्यावरच्या मजकुराची झेरॉक्स बाबूला मिळायला लागली. चाचणी परीक्षेत जादा वेळ मिळाला. गणितात त्याचे गुण 11 वरून 24 झाले, चाळीसपैकी.

यात एक मोठी फट आहे. दर जूनला शिक्षक बदलतात आणि सगळं शून्यापासून सुरू होतं. मुलाला पाहून काही कळत नाही, त्यामुळे नव्या शिक्षकाला तो पुन्हा आळशी वाटतो. म्हणून दर वर्षी शाळा उघडायच्या आधी नव्या वर्गशिक्षकांना एक पान द्यायचं: काय झालं, काय जमतं, काय जमत नाही, काय केल्याने जमतं. आता हे पान आई स्वतः देते. डोक्याला गंभीर मार लागलेल्या मुलाची तपासणी दवाखान्याच्या तारखांवर ठेवू नये, शाळेच्या पायऱ्यांवर ठेवावी: पहिलीत जाताना, पाचवी-सहावीला, आठवी-नववीला, दहावीनंतर. प्रत्येक पायरीला मेंदूकडून नवीन काहीतरी मागितलं जातं, आणि तूट असेल तर तिथेच दिसते.

आज

बाबू आता आठवीत आहे, तेरा वर्षांचा. चालण्यात फरक फक्त थकल्यावर कळतो, डावा पाय घासतो. फिट आलेली नाही. दर सहा महिन्यांनी त्याची उंची आणि वजन नोंदवतो, कारण मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीला धक्का बसला असेल तर वाढ खुंटणं किंवा वयात येणं लवकर-उशिरा होणं हे काही वर्षांनी दिसू शकतं. आतापर्यंत वाढ ठीक आहे. वास परत आला नाही, आणि एवढ्या वर्षांनी तो येईल असं मी घरच्यांना सांगत नाही. सकाळचं स्वतःचं आवरणं स्वतः करतो. लिहिणं अजून हळू आहे, आणि ते तसंच राहील असं मला वाटतं. बीजगणित त्याला झेपत नाही. हाताने करायच्या कामात मात्र तो तासभर एका जागी बसतो, म्हणून दहावीनंतर आयटीआयचा विचार घरात सुरू झाला आहे, आणि वडिलांना त्यात कमीपणा वाटत नाही याचं मला समाधान आहे.

गेल्या भेटीत त्याने मोपेडचं विचारलं. वर्गातली मुलं आताच चालवतात, तो म्हणाला. वय नाही, हे सांगून विषय संपला असता, पण त्याला खरं कारण कळायला हवं होतं. फिट येऊन गेलेली आहे, समोर काही आलं तर ब्रेक दाबायला तुला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो, आणि डोक्याला दुसरा मार पहिल्यापेक्षा जास्त महागात पडतो, असं मी त्याला सरळ सांगितलं. अठराव्या वर्षी न्यूरॉलॉजिस्टना विचारून पुन्हा पाहू. तो चिडला, दार आपटून बाहेर गेला, आणि थोड्या वेळाने परत येऊन म्हणाला, "सायकल तं चालेल ना?" ले-आउटच्या आतल्या रस्त्यांवर, हेल्मेट घालून, चालेल. वडिलांना मी त्याच वेळी विचारलं की गाडीवर मागे बसताना तो हेल्मेट घालतो का. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला कायद्याने ते लागतं. घालत नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी हेल्मेट घेतलं आणि मापाचं आहे का ते दाखवायला दोघे आले.

मार्चपर्यंत दोन कामं उरली आहेत. नववीत दाखला नेताना कलम 17 खालच्या सवलतींचा अर्ज, डॉक्टरांचं पत्र आणि ताज्या चाचण्यांसह नव्या शाळेत द्यायचा, म्हणजे दहावीच्या बोर्डाला जुळवाजुळव करायला पुरेसा वेळ राहील. आणि तिथले वर्गशिक्षक ठरले की ते एक पान घेऊन या वेळी बाबूने स्वतः जायचं आहे, आई दाराशी थांबेल. त्याला काय सांगायचं आहे ते तो सध्या वहीत लिहून पाठ करतो आहे.